सही जुळते

चित्रकलेवर लिहायचा तुम्हाला अधिकार काय, असे कोणी विचारण्याच्या आत मीच सांगून टाकतो : काहीही नाही. शाळेत असताना मी एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेला बसलो होतो. स्मरणचित्राला विषय आला होता, बाजारात भाजी विकणारी बाई. माझ्या चित्रात बाई कोणती आणि कोबी कोणता, हे परीक्षकांना शेवटपर्यंत उलगडले नसावे. त्यांनी दोघांना मिळून 'क' श्रेणी दिली आणि मी रीतसर कॉमर्सला गेलो.

पण सह्यांचे मला कळते. बावीस वर्षे बँकेत काढली आहेत. रागाने केलेली सही, घाईने केलेली सही, सुनेने आग्रह केला म्हणून सासूबाईंनी थरथरत केलेली सही, आणि सासूबाई गावाला गेल्या असताना सुनेनेच ठणठणीत हाताने केलेली सासूबाईंची सही, या सगळ्या मी ओळखतो. पूर्वी नमुना सह्यांची कार्डे असत, आता त्या पडद्यावर येतात, एवढाच फरक. चेकवर एक सही, नमुन्याची एक सही. दोन्ही जुळल्या की पैसे द्यायचे. माणूस कसा आहे, पैसे कशाला काढतो आहे, हे आपण विचारायचे नाही. एवढ्या भांडवलावर मी पुढचे सगळे लिहिणार आहे.

गेल्या वर्षी दिवाळीची साफसफाई चालू असताना मी साडेसात किलो वर्तमानपत्रे घेऊन रद्दीवाल्याकडे गेलो आणि फ्रेंच चित्रांचे एक जाडजूड पुस्तक घेऊन परत आलो. रद्दीवाल्याने तेही तराजूतच टाकले. सव्वादोन किलो भरले. कलाकृतीचे इतके सरळ मूल्यमापन मी आजवर एकाही समीक्षकाकडून वाचलेले नाही.

"रद्दी घालायला गेला होतात ना?" सौ.ने विचारले.

"साडेसात दिले, सव्वादोन आणले. घरातून सव्वापाच किलो गेलीच की!" मी ताळेबंद मांडला.

ताळेबंद नामंजूर झाल्याचे तिने न बोलता कळवले आणि धूळ झटकण्यासाठी पुस्तक उघडले. उघडले ते नेमके एका पानावर. फडके तसेच हातात ठेवून ती पाहत राहिली.

"अगं बाई! कोणी मारलं हो याला? बिचारा! आंघोळ तरी पुरी होऊ द्यायची!"

ते चित्र जाक-लुई दाविद या चित्रकाराचे, १७९३ सालचे. आपण सवयीने त्याला डेव्हिड म्हणू, पण फ्रेंच माणसाला ते चालत नाही. चित्रात एक माणूस टबात मरून पडला आहे. डोक्याला पांढरे फडके गुंडाळलेले. उजवा हात टबाबाहेर लोंबतो आहे, बोटांत अजून लेखणी आहे. डाव्या हातात एक चिठ्ठी. छातीवर लहानशी जखम, खाली जमिनीवर सुरी. टबाला लागून एक ओबडधोबड लाकडी खोके, त्यावर दौत, कागद आणि एक नोट. आणि खोक्याच्या तोंडावर, थडग्यावर कोरावी तशी अक्षरे : माराला, दाविदकडून. वर्ष दुसरे. म्हणजे क्रांतीच्या नव्या पंचांगाचे दुसरे.

मेलेल्या माणसाचे नाव मारा. मराठी माणसाने हे नाव वाचताना हसू नये, पण करणार काय? हा गृहस्थ 'लोकमित्र' नावाचे वर्तमानपत्र चालवी, आणि त्यात अंकामागून अंक त्याचे सांगणे आपले एकच : मारा! पाचसहाशे डोकी वेळेवर उडवली असती तर देशाला सुखशांती लाभली असती, असा हिशेबही त्याने १७९० मध्ये मांडला होता. कातडीच्या रोगाने अंगाची आग होई म्हणून तो तासन्‌तास टबात बसून लिहीत असे. १३ जुलै १७९३ च्या संध्याकाळी कां या गावाहून आलेली शार्लोत कोर्दे नावाची चोवीस वर्षांची मुलगी त्याच्याकडे आली. सकाळीच बाजारातून तिने सुरी विकत घेतली होती. तिने 'मारा' हे नाव आणि त्याचा मराठी अर्थ एकाच झटक्यात जुळवून टाकला.

आता माझ्या डोळ्यांची सवय पाहा. लोकांची नजर जाते जखमेवर, माझी गेली कागदांवर. चित्रात केवढी कागदपत्रे! हातातल्या चिठ्ठीत ती मुलगी लिहिते की, मी फार दुःखी आहे, एवढ्यावरच आपल्या कृपेवर माझा हक्क पोचतो. खोक्यावरच्या कागदात मारा लिहितो की, ही नोट त्या पाच मुलांच्या आईला द्यावी, तिचा नवरा देशासाठी मेला आहे. तारीख आहे, नाव आहे, रक्कम सोबत जोडलेली आहे. म्हणजे हे चित्र नाही, हे व्हाउचर आहे. पास करून टाकावे इतके चोख.

आमच्या पहिल्या हेडक्लार्कांनी मला एक गोष्ट शिकवली होती. ज्या व्हाउचरमध्ये सगळे जरुरीपेक्षा जास्त चोख असते, ते आधी बाजूला काढायचे. म्हणून महिनाभर ग्रंथालयाच्या पायऱ्या झिजवल्या. जे हाती लागले ते असे. दुःखी असल्याचे सांगणारी चिठ्ठी कोर्देने लिहून ठेवली होती खरी, पण दार उघडले ते त्या चिठ्ठीने नव्हे. तिने सांगितले की, कां गावात लपलेल्या क्रांतिद्रोह्यांची नावे मी देते. मारा टबात बसून ती नावे उतरवून घेत होता, आणि चार दिवसांत या सगळ्यांना गिलोटिनखाली पाठवतो असे म्हणाला, असे तिने जबानीत सांगितले. म्हणजे त्या क्षणी त्याच्या लेखणीखाली जो कागद होता, त्यावर गळे कापायच्या माणसांची यादी होती. दाविदने ती यादी उचलली आणि तिच्या जागी पाच मुलांच्या आईची मदत ठेवली. रक्कम तीच, खाते बदलले! आमच्याकडे याला काय म्हणतात ते सांगत नाही, पण त्यानंतर बढती मिळत नाही.

बरे, त्याला माहीत नव्हते म्हणावे, तर आदल्याच दिवशी तो माराला भेटून आला होता. टब, खोके, दौत, सगळे त्याने स्वतः पाहिलेले. म्हणूनच चित्रातले खोके इतके खरे आहे. अफरातफर करणारा मनुष्य बहुतेक नोंदी खऱ्याच करतो, हे मी अनुभवाने सांगतो. रोगाने खाल्लेली कातडी मात्र दाविदने संगमरवरासारखी गुळगुळीत करून टाकली. जुलैच्या उकाड्यात प्रेत झपाट्याने नासत चालले होते, आणि त्याच्या अंत्ययात्रेची सगळी व्यवस्था दाविदकडेच होती. त्याला तो वास ठाऊक होता. चित्रात त्याचा मागमूस नाही. लोंबता हात आणि कलती मान क्रुसावरून उतरवलेल्या येशूची. खुद्द खुनी बाई तर चित्रात नाहीच. तिला सतराव्या तारखेलाच गिलोटिनवर चढवले होते आणि दाविदने तिला कॅनव्हासवरूनही वजा केले. ती परत यायला १८६० साल उजाडावे लागले. पॉल बोद्री नावाच्या चित्रकाराने तोच टब पुन्हा काढला, पण या खेपेला नायिका कोर्दे उभी आणि मारा आपला कोपऱ्यात. टब एकच. सरकार बदलले की कोणी कुठे उभे राहायचे ते बदलते.

१० नोव्हेंबर १७९३ ला पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये देवाला रजा देऊन बुद्धीचे मंदिर झाले आणि १४ नोव्हेंबरला दाविदने हे चित्र राष्ट्रसभेला अर्पण केले. जुना देव उठवला, चार दिवसांत नवा बसवला. देव्हारा फार वेळ रिकामा ठेवू नये, हे आपल्यालाही पटते.

आता थोडे मागे जाऊ. या घराण्याच्या चित्रांना जाणकार नवअभिजात म्हणतात. हा शब्द मी एकदा काउंटरवर मोठ्याने उच्चारला तेव्हा समोरच्या खातेदाराने पासबुक काढून घेतले. साधी गोष्ट आहे : ग्रीक-रोमन पुराणातली वांगी काढायची आणि पॅरिसच्या बाजारात ताजी म्हणून विकायची. आपल्याला हे नवे नाही. खाडिलकरांनी १९०७ साली 'कीचकवध' लिहिले तेव्हा पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होते की रंगमंचावर कीचक असला तरी रोख लॉर्ड कर्झनवर आहे. सरकारलाही कळले आणि १९१० मध्ये बंदी आली. फ्रान्सचा राजा मात्र आपल्या इंग्रज सरकारइतका हुशार नव्हता. होराती बंधूंच्या शपथेचे चित्र, जे दाविदने १७८४ मध्ये रोममध्ये रंगवले, ते सोळाव्या लुईच्या सरकारी खर्चाने झाले. तिघे भाऊ बापाच्या हातातल्या तलवारींकडे हात करून रोमसाठी मरायची शपथ घेतात, आणि उजवीकडे घरातल्या बायका रडत कोसळल्या आहेत. पुरुष सगळे सरळ रेषेत, बायका सगळ्या वळणात. बोध असा की देशापुढे घर काही नाही. मग १७८९ मध्ये ब्रूटसचे चित्र, तेही सरकारी. राजेशाही परत आणायचा कट केला म्हणून या ब्रूटसने पोटच्या पोरांना मारवले. त्यांची प्रेते घरी येताहेत आणि बाप अंधारात पाठ करून बसला आहे. ते लोकांसमोर आले तेव्हा बास्तीय पडून थोडेच दिवस झाले होते. पैसे राजाचे, चित्र राजाच्या मुळावर! आणि १७९३ च्या जानेवारीत राजाला ठार मारावे की नाही यावर राष्ट्रसभेत मतदान झाले तेव्हा सभासद दाविदने 'मारावे' म्हणून मत दिले. तारण न घेता दिलेल्या कर्जाचे एवढे वाईट उदाहरण माझ्या वाचनात नाही.

घरात मात्र तो ब्रूटस ठरला नाही. बायको राजाच्या बाजूची. तिने १७९४ मध्ये घटस्फोट घेतला, नवरा तुरुंगात पडल्यावर पुन्हा त्याची विचारपूस सुरू केली आणि १७९६ मध्ये त्याच्याशीच परत लग्न लावले. होरातींच्या चित्रात कोपऱ्यात रडणाऱ्या बायकांपेक्षा ही बाई मला कितीतरी खंबीर वाटते. तिचे कोणी प्रचारचित्र काढले नाही.

प्रचाराच्या धंद्यातली खरी अडचण दाविदला कळली ती टेनिस कोर्टाच्या शपथेच्या वेळी. २० जून १७८९ ला लोकप्रतिनिधींनी एका बंदिस्त टेनिस कोर्टात जमून राज्यघटना झाल्याशिवाय हटणार नाही अशी शपथ घेतली. दाविदने त्यावर अवाढव्य चित्र काढायला घेतले. मध्यभागी टेबलावर उभे राहून शपथ वाचणारा बाई नावाचा खगोलशास्त्रज्ञ. (फ्रेंच नावे मुद्दाम मराठी माणसाच्या जिवावर उठल्यासारखी ठेवतात.) वर्गणी काढली, ती पुरेशी जमली नाही; तिथपर्यंत आपल्याही गणेशोत्सवाचा अनुभव आहे. पण खरा घोटाळा पुढेच. दाविदची पद्धत अशी की आधी माणसे नागडी रेखाटायची, शरीरशास्त्र पक्के करायचे, मग कपडे चढवायचे. कॅनव्हासवर काही मंडळींची डोकी रंगवून झाली, धडे नागडीच राहिली, आणि कपडे चढवायच्या आत प्रत्यक्षातली डोकी जायला लागली. मिराबो मेला आणि मग कळले की तो राजाला आतून सामील होता. बार्नाव्ह गिलोटिनखाली गेला. आणि मधल्या टेबलावरच्या बाईसाहेबांना १२ नोव्हेंबर १७९३ ला मारले, म्हणजे माराचे चित्र अर्पण होण्याच्या बरोबर दोन दिवस आधी. राष्ट्रपुरुषांची यादी मंजूर होऊन येईपर्यंत बाद होऊ लागली तर चित्रकाराने रंगवायचे कोणाला? ते चित्र तसेच अर्धवट राहिले. त्याचा उरलेला भाग व्हर्सायला आहे : रंगवलेल्या चेहऱ्यांचे दोनचार नागडे पुढारी, शपथ घेताना. राजकारणाचे इतके प्रामाणिक चित्र दाविदने दुसरे काढले नाही, आणि हेही त्याने ठरवून काढले नाही.

आता जरा अवघड भाग. १७८७ मध्ये दाविदने सॉक्रेटिसच्या मरणाचे चित्र काढले होते. शिष्य रडताहेत, सॉक्रेटिस पलंगावर ताठ बसून एक बोट वर करून बोलतो आहे आणि दुसरा हात विषाच्या प्याल्याकडे अगदी सहज, चहाचा कप घ्यावा तसा गेला आहे. मोठे चित्र आहे. सात वर्षांनी, २६ जुलै १७९४ च्या रात्री, रोबेस्पियेरचे दिवस भरत आल्याचे क्लबात सगळ्यांना दिसत होते, तेव्हा दाविद उठून त्याला म्हणाला की, तू विष प्यालास तर तुझ्याबरोबर मीही पिईन. दुसऱ्या दिवशी सभेत रोबेस्पियेरवर झडप पडली. दाविद सभेला नव्हता. पोट बिघडले होते. औषध घेऊन घरी होता. अठ्ठाविसाव्या तारखेला रोबेस्पियेरचे डोके उडाले, दाविदचे राहिले.

हे वाचून मी मोठ्याने हसलो. मग हसू हळूहळू थांबले, कारण मला आमच्या शाखेतली एक जुनी गोष्ट आठवली. एका सहकाऱ्याच्या कॅशमध्ये तूट आली होती. चूक त्याची नव्हती, हे आम्हा दोघातिघांना ठाऊक होते. आदल्या दिवशी डबा खाताना मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "घाबरू नकोस. उद्या साहेबांपुढे मी तुझ्याबरोबर उभा राहीन. नोकरी गेली तर दोघांची जाईल." डब्यातल्या लसणीच्या चटणीचा जोर असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पोटात दुखू लागले. खोटे सांगत नाही, खरेच दुखत होते. मी किरकोळ रजेचा अर्ज पाठवून दिला. त्या अर्जावरची सही माझ्या नमुना सहीशी अगदी तंतोतंत जुळत होती. पुढे त्याची बदली लांबच्या शाखेला झाली. नंतर एका लग्नात भेटला, तेव्हा त्याने माझ्या पोटाची चौकशी केली.

तेव्हा दाविद भित्रा होता, असे मी म्हणणार नाही. त्याचे पोट शहाणे होते, एवढेच म्हणेन. तुरुंगातून सुटण्यासाठी त्याने बचाव असा केला की, यापुढे मी माणसांना चिकटणार नाही, तत्त्वांना चिकटेन. त्यानंतर तो नेपोलियनला चिकटला. आल्प्स ओलांडणाऱ्या नेपोलियनचे १८०१ चे चित्र तुम्ही पाहिले असेलच : मागच्या पायांवर उभा घोडा, उडता झगा, वर केलेला हात. प्रत्यक्षात तो चांगल्या हवेत खेचरावर बसून घाट चढला होता. पोज द्यायलाही तो आला नाही. दाविदने आपल्या मुलाला शिडीवर बसवून काम भागवले. याच्या एकूण पाच प्रती त्याच्या चित्रशाळेतून निघाल्या.

पण या घोड्याकडे बघून आमच्या घरात कोणी 'बिचारा' किंवा 'शाब्बास' म्हटले नाही. सौ. म्हणाली, "बिस्किटाच्या डब्यावर असतं तसं आहे." आणि माझे मत विचाराल तर इथे समीक्षा संपली. घोड्याचे चित्र हुकमावरून केलेला खोटेपणा आहे, आणि तो पैसे घेऊन नीटनेटका केला आहे. माराचे चित्रही खोटेच, पण त्यात दाविदचे स्वतःचे काहीतरी अडकले आहे. कशावरून? त्या चित्राचा वरचा जवळजवळ अर्धा भाग पुन्हा पाहा. तिथे काही नाही. नुसती मळकट, अंधारी भिंत. प्रचार करणाऱ्या माणसाच्या हाताला एवढी मोकळी जागा सोडवत नाही. तो तिथे झेंडा लावील, देवदूत उडवील, निदान घोषणा तरी लिहील. चेकवर रकमेपुढे कोरी जागा राहिली तर आम्ही तिथे रेघ मारायला सांगतो, नाहीतर कोणीही वाटेल तो आकडा लिहील. दाविदने रेघ मारली नाही. पक्षाने मागितलेला कागद खाली भरून दिला आणि वर आपला मित्र मेल्याचे दुःख कोरे ठेवले. म्हणून सव्वादोनशे वर्षांनी, क्रांतीचे एक अक्षर ठाऊक नसलेली एक बाई हातात फडके घेऊन तिथे 'बिचारा' असे लिहू शकते.

मी तिला यादीची गोष्ट सांगितली. हा गृहस्थ गळे कापायच्या माणसांची नावे लिहीत होता आणि चित्रकाराने ती लपवली, हे सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले, पुन्हा चित्र पाहिले आणि म्हणाली, "असेल हो. पण हात बघा ना कसा पडलाय." यावर मला उत्तर सुचले नाही. मी आजवर अनेक खोटी व्हाउचरे पकडली आहेत. पकडल्यावरसुद्धा खरे वाटणारे हे एकच.

मग सवयीप्रमाणे मी दुसरी सही शोधायला निघालो. नमुना सहीशिवाय चेक पास करायचा कसा? ती सापडली. माराचे चित्र रंगवीत होता त्याच काळात दाविद सर्वसाधारण सुरक्षा समितीचा सभासद होता, आणि या समितीचे काम म्हणजे अटकेचे हुकूम काढणे. त्याने अनेक हुकमांवर सह्या केल्या. त्यांतला एक होता आलेक्सांद्र द बोआर्ने या सेनापतीचा. २३ जुलै १७९४ ला त्याचा शिरच्छेद झाला. दाविदच्या पोटात दुखायच्या चार दिवस आधी. बोआर्नेमागे दोन मुले आणि बायको राहिली. ती स्वतःही तेव्हा तुरुंगात होती. तिचे नाव जोसेफीन. पुढे तिने नेपोलियनशी लग्न केले.

सव्वादोन किलोच्या पुस्तकात राज्याभिषेकाच्या चित्राला समोरासमोरची दोन पाने दिली आहेत. २ डिसेंबर १८०४ चा सोहळा. मूळ चित्र जवळजवळ दहा मीटर लांब, सहा मीटर उंच. इथे कोरी जागा शोधायला जाऊ नका, बोटभरही सापडायची नाही. शेकड्याने माणसे, मखमल, मेणबत्त्या. मध्यभागी उंचावर नेपोलियनच्या मातुःश्री बसल्या आहेत. त्या दिवशी त्या समारंभाला आल्याच नव्हत्या. पोपमहाशय मुळात मांडीवर हात ठेवून बसले होते, ते नेपोलियनच्या सांगण्यावरून आशीर्वादाला हात वर करून आहेत. आणि खाली, सगळा उजेड अंगावर घेऊन, जोसेफीन गुडघे टेकून बसली आहे. मान वाकवलेली. त्या उघड्या मानेवर दाविदने फारच नाजूक काम केले आहे.

मी सह्या बघायचे भिंग काढले आणि मातुःश्रींच्या वरच्या गॅलरीत पाहिले. दाविदने त्या गर्दीत स्वतःलाही बसवले आहे. सापडला. लोकांत बसून, वही पुढे घेऊन, खाली चाललेले सगळे शांतपणे टिपून घेतो आहे. तब्येत ठणठणीत दिसत होती.